नाकारलेल्या एकेचाळीस ओळी

सर्व्हर कपड्यांच्या खोलीत ठेवायचं ठरलं. पनवेलच्या त्या जुन्या प्रसूतिगृहात एसी दोनच खोल्यांना होता. एक ऑपरेशन थिएटर, आणि दुसरी ही खोली. इथे पूर्वी लसी ठेवायचे, आता धुतलेल्या चादरी, हिरवे गाऊन आणि बाळांची दुपटी ठेवतात. थिएटरला डॉक्टरबाईंनी नकार दिला. मग दुपट्यांचं कपाट दोन फूट सरकवून मशीनला जागा केली.

मला डॉक्टरबाईंनीच बोलावलं होतं. त्या सत्तरी ओलांडलेल्या, मी पन्नाशीची, त्यांची जुनी पेशंट. दवाखान्याची चाळीस वर्षांची जन्माची रजिस्टरं होती. त्यातल्या एकाला वाळवी लागली, तेव्हा त्या घाबरल्या आणि रिसेप्शनच्या मुलींकडून वर्षभर सगळी रजिस्टरं कॉम्प्युटरवर टाईप करून घेतली. आता ती माहिती नीट एका जागी ठेवायची होती. "तू हेच काम करायचीस ना?" त्यांनी फोनवर विचारलं. मी हो म्हणाले.

ते अगदी खरं नव्हतं. वीस वर्षं मी महापेच्या एका कंपनीत बसून परदेशातल्या विमा कंपनीचे डेटाबेस सांभाळले. शेवटची दोन वर्षं ते आपोआप सांभाळले जावेत अशी व्यवस्था करण्यात गेली. व्यवस्था चांगली झाली, त्यामुळे माझी गरज उरली नाही. निरोपसमारंभात माझ्या कामाची फार स्तुती झाली. त्या वीस वर्षांत मी सर्व्हर हा शब्द रोज पन्नासदा उच्चारला असेन, पण सर्व्हर डोळ्यांनी पाहिला नव्हता. ते कुठेतरी डब्लिनला होते.

खोकं उघडलं आणि पहिली आठ मिनिटं मला चालू करायचं बटण सापडलं नाही. मागे शोधलं, बाजूला शोधलं. ते पुढच्या झडपेच्या आत होतं. ते मावशींना सापडलं.

मावशी म्हणजे रजिस्टरं सांभाळणाऱ्या बाई. उरणकडच्या कोळीवाड्यातल्या. विशीत आया म्हणून लागल्या. त्यांचं अक्षर चांगलं आहे हे डॉक्टरबाईंच्या लक्षात आलं, आणि हळूहळू वॉर्ड सुटून त्यांच्या हातात रजिस्टर आलं. आता साठीच्या होत्या. आखातात नोकरीला निघालेला एखादा माणूस जन्माची नोंद मागायला आला की मावशी त्याला दोनच प्रश्न विचारायच्या, आईचं गाव कुठलं आणि मोठा भाऊ की धाकटा. पाच मिनिटांत पान काढून द्यायच्या.

"यांना काही झालं तर काय करायचं, हाच प्रश्न आहे," डॉक्टरबाई माझ्याशी बोलताना म्हणाल्या. मावशी शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी मान डोलावली.

दोन दिवसांत मशीनवर सगळं बसवून झालं. डेटाबेस सुरू झाला. मी त्याला फक्त दवाखान्यातल्या तीन कॉम्प्युटरशी बोलायची परवानगी दिली, रोज दुपारी दोन वाजता त्याची एक प्रत वेगळ्या डिस्कवर जाईल असं केलं, आणि मावशींना बोलावून सांगितलं की झालं.

मावशींनी मशीनकडे पाहिलं. "लाईट गेली तर?"

"खाली बॅटरी आहे."

"बॅटरी संपली तर?"

"बंद पडेल. पण लिहिलेलं जाणार नाही."

"आनि लिवता लिवता गेली तर?"

या प्रश्नावर लोकांनी जाडजूड पुस्तकं लिहिली आहेत. मी त्यातली दोन वाचली होती. मी म्हणाले, "पूर्ण लिहिलेलं राहील. अर्धवट लिहिलेलं राहणार नाही."

"दाखव."

वीस वर्षांत मला कोणी दाखव म्हणालं नव्हतं. सगळ्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता, आणि मी पुस्तकांवर. मी मावशींना एका बोटाने एक खोटी नोंद टाईप करायला लावली आणि ती सेव्ह केली. दुसरी नोंद अर्ध्यावर थांबवली. मग बॅटरीची वायर दाखवली. त्यांनी ती ओली चादर झटकावी तशी एका हिसक्यात ओढली. मशीनचा पंखा घुर्र करून थांबला. दारात डॉक्टरबाई आल्या.

"लाईट गेली का?"

"नाही, आम्ही घालवली," मी म्हणाले.

मशीन परत चालू व्हायला चार मिनिटं लागली. ती चार मिनिटं मला बरी गेली नाहीत. पहिली नोंद होती. दुसरीचा मागमूस नव्हता. मावशींनी चष्मा वर करून पडदा नीट वाचला.

"अर्धं लिवलेलं ठेवतच नाय हा?"

"नाही."

"आमच्या वहीत अर्धं पन रातं," मावशी म्हणाल्या. तक्रार नव्हती, त्या फक्त फरक सांगत होत्या.

मग टाईप केलेली माहिती आत भरायची होती. अठरा हजारांच्या वर ओळी होत्या, एका बाळाची एक ओळ. पहिल्या प्रयत्नात एकही ओळ आत गेली नाही. कारण मी बाळाच्या नावाचा रकाना केला होता आणि तो भरलेला असलाच पाहिजे असा नियम घातला होता. रिकामा रकाना म्हणजे कोणाचा तरी आळस, असं माझं वीस वर्षांचं मत होतं.

मावशींना सांगितलं तर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "बालाचं नाव बाराव्या दिशी ठेवतात. आमच्याकडनं तिसऱ्या दिशी घरी जातात. मी नाव कुठनं आनू?"

मी स्वतः दोनदा बाळंत झालेली बाई आहे. तरी हे मला मावशींनी सांगावं लागलं. मी नावाचा रकाना काढून टाकला.

दुसऱ्या प्रयत्नात सगळ्या ओळी सरसर आत गेल्या. माझ्या मुलीचीही गेली. मी मुद्दाम शोधून पाहिली: स्त्री, वजन, वेळ, घरी गेल्याची तारीख, सगळं भरलेलं. फक्त एकेचाळीस ओळी नाकारल्या गेल्या. अठरा हजारांत एकेचाळीस म्हणजे काहीच नाही. मला आनंद झाला. नाकारलेल्या ओळींची वेगळी यादी निघाली होती. सगळ्यांची तक्रार एकच होती. बाळ घरी गेल्याची तारीख नाही, ओळ नियमात बसत नाही.

टाईप करणाऱ्या मुलींनी तारखा गाळल्या, असं मी धरून चालले. मावशींना म्हणाले, "एकेचाळीस नोंदी अपुऱ्या आहेत. मूळ रजिस्टर काढून तारखा सांगा, मी भरते."

मावशींनी पहिलं रजिस्टर काढलं, पान उघडून बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "ही पुरी हाय."

"तारीख नाही ना त्यात?"

"नाय. पन पुरी हाय."

त्यांनी दुसरं रजिस्टर काढलं. "ही पन पुरी हाय."

मला थोडा राग आला. अकरा वाजले होते आणि अजून एकोणचाळीस बाकी होत्या. मी म्हणाले, "मावशी, बाळ घरी कधी गेलं ते लिहिलेलं नाही. मग पुरी कशी?"

मावशींनी रजिस्टर मिटलं. "बाल घरी गेलं नाय, बाय," त्या म्हणाल्या.

मला हे कळायला हवं होतं. दुसऱ्या कोणाला नाही तरी मला. मी पडद्यावरची यादी खाली सरकवत गेले. वर्ष मला माहीत होतं, महिना माहीत होता. तेविसावी ओळ माझी होती. आईचं नाव, वय अठ्ठावीस, पुरुष, वजन दोन किलो नऊशे ग्रॅम. पुढचा रकाना कोरा, आणि त्याच्यापुढे माझ्याच नियमाने दिलेला नकार.

वजन मला माहीत नव्हतं. ते मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. बाळ पोटातच गेलं होतं. मला गुंगीचं औषध दिलं होतं, आणि मी जागी झाले तेव्हा नवरा सगळं उरकून परत आला होता. बघू नये, बघितलं की विसरता येत नाही, असं घरच्या बायकांचं म्हणणं होतं. मी बघितलं नव्हतं.

मी लॅपटॉप मिटला आणि चहा पिऊन येते म्हणून बाहेर पडले. जवळच्या तळ्याच्या कडेने एक चक्कर मारली. चहा घेतलाच नाही. परत आले तर मावशी तिथेच बसल्या होत्या, मांडीवर रजिस्टर. ते माझं वर्ष होतं.

"तुला सांगू का नको, म्हनून गप व्हते," त्या म्हणाल्या. "पैल्या दिशी तू आलीस तवाच वलखली मी."

"तुम्ही तेव्हा वॉर्डात होतात?"

"मीच गुंडाललं त्याला."

मी खुर्चीत बसले. मावशींनी मी विचारायची वाट पाहिली नाही.

"केस लय व्हते. काले. कानावर आले व्हते. मी डॉक्टरबायला बोलले पन, की याला जावल काढावं लागलं असतं लवकर." त्यांनी आपल्या कानापाशी बोट नेऊन कुठवर ते दाखवलं. "हिरव्या कापडात नाय गुंडाललं. दुपट्यात गुंडाललं. पिवल्या."

मी रडले नाही. हे मी अभिमानाने सांगत नाही, तसं झालं एवढंच. मी विचारलं, "कोणाच्या दुपट्यात?"

"इथल्याच." मावशींनी मागच्या कपाटाकडे मान वळवली. "मी डॉक्टरबायला सांगितलं, एक कमी लिवा."

मग आम्ही यादीतल्या ओळी पाहिल्या. सगळ्या एकेचाळीस. प्रत्येकीला मावशी आईचं गाव सांगायच्या आणि पुढे काय झालं तेही. हिला नंतर तीन झाली. ही परत आली नाही. हिची सून परवाच नाव घालून गेली. मी ऐकत होते आणि एकेका ओळीपुढे खूण करत होते. त्यातल्या तीनच खरोखर टायपिंगच्या चुका निघाल्या. बाकीच्या पुऱ्या होत्या.

दुपारी डॉक्टरबाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "तो नियम काढ. पण कोरं ठेवून चालणार नाही, सरकारी तक्त्यात मृत जन्म वेगळे दाखवावे लागतात. एक रकाना कर, हो किंवा नाही." त्यांचं बरोबर होतं. मी रकाना केला.

मावशींना पडद्यावर तो रकाना दाखवला. त्यांनी वाचला आणि विचारलं, "हे बाहेर काउंटरवर पन दिसनार?"

"हो. सगळ्यांना सगळं दिसतं."

"मग नको."

"मावशी, सरकारी तक्त्याला लागतं ते."

"तक्त्याला लागूं दे. काउंटरवर नको. बाई दुसऱ्या खेपेला येते. सासू मागं उभी, नवरा बाजूला, अजून धा जनी बाकड्यावर. आनि ती पोरगी पडद्यावर बघून मोठ्यांदा वाचते." मावशींनी माझ्याकडे पाहिलं नाही. "तुझ्या येलेला झालं व्हतं ना तसं?"

झालं होतं. मुलीच्या वेळी, सातव्या महिन्यात, काउंटरवरच्या बाईने रजिस्टर पाहून अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं होतं, "म्हणजे हे दुसरं ना? पहिलं कुठाय?" मी म्हणाले होते, घरी आहे. का म्हणाले, माहीत नाही. तिने तसं लिहून घेतलं होतं. मावशींनी नंतर ते खोडलं असणार.

त्या दुपारी मी माझ्या उभ्या नोकरीत केलेलं सर्वांत साधं काम केलं. डेटाबेसमध्ये तीन माणसं तयार केली: डॉक्टर, रेकॉर्ड आणि काउंटर. पहिल्या दोघांना सगळे रकाने दिसतील. काउंटरला आईचं नाव, तारीख, वेळ, बाळ मुलगा की मुलगी, एवढंच. घरी गेल्याची तारीख आणि नवीन रकाना काउंटरला दिसणार नाही. त्या एकेचाळीसातल्या अडतीस ओळी तर काउंटरला नाहीतच. कोणालाही कुठलीही ओळ पुसता येणार नाही, डॉक्टरबाईंनाही. हे डॉक्टरबाईंना आवडलं नाही, पण त्यांनी मान्य केलं.

परदेशी विमा कंपनीसाठी मी असे शेकडो अधिकार वाटले होते. का वाटतो, हे तेव्हा कागदावर लिहून यायचं आणि खाली कोणाची तरी सही असायची.

"दाखव," मावशी म्हणाल्या.

मी काउंटरच्या कॉम्प्युटरवर बसले, काउंटर म्हणून आत शिरले आणि माझं स्वतःचं नाव टाकलं. एक ओळ आली, मुलीची. मग त्या नव्या रकान्याची जबरदस्तीने मागणी केली. परवानगी नाही, असं उत्तर आलं. मावशींनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

संध्याकाळी घरी, नवीन पनवेलला, नवरा जेवायला बसला होता. तो द्रोणागिरीच्या एका गोदामात सुपरवायझर आहे. बोलणं कमी. दिवसभर कंटेनर मोजणाऱ्यांचं तसं होत असावं. मुलगी खारघरला कॉलेजच्या मैत्रिणीकडे होती. मी पोळी वाढता वाढता म्हणाले, "दोन किलो नऊशे ग्रॅम होतं."

काय, असं त्याने विचारलं नाही. "हो," म्हणाला.

"केस होते म्हणे."

"होते."

"तू पाहिलंस?"

"मीच नेलं ना."

"मग मला सांगितलं नाहीस कधी."

त्याने घास खाली ठेवला. "तुझ्या आईने सांगितलं होतं, तिला आत्ता काही सांगू नका. मग कधी सांगायचं ते कोणी सांगितलं नाही."

त्याने आमटी मागितली, मी वाढली. मग तो आपणहून बोलायला लागला आणि बराच वेळ बोलला. ते मी इथे लिहीत नाही. जेवण गार झालं, ते परत गरम करून आम्ही जेवलो.

पुढच्या आठवड्यात मी सगळ्या मातांची आडनावांप्रमाणे यादी छापून मावशींच्या हातात दिली. त्यांनी आपली जुनी अनुक्रमणिका काढली, ती पानांच्या कडेला अक्षरं कापलेली वही, आणि एकेक पान ताडून पाहायला बसल्या. अर्ध्या तासाने हाक आली.

"बाय, क्ष इथं क मदे कसा?"

"त्याला क्ष म्हणजे क ला ष जोडलेला असा दिसतो. म्हणून क मध्ये घातला."

"आनि ज्ञ ज मदे?"

"तसंच."

"कुठल्या शालंत गेला हा?" मावशी म्हणाल्या. "आनि हा ल इथं नाय येत. हा ह च्या नंतर येतो."

"कोणता ल?"

"हा ल."

"ल तर व च्या आधीच येतो, मावशी."

त्यांनी यादी माझ्यापुढे धरली आणि बोट ठेवलं. बोटाखाली एका आडनावाच्या मधला ळ होता. मावशींच्या तोंडून ळ मी कधीच ऐकला नव्हता, पण वर्णमालेत तो कुठे बसतो ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

चूक माझी होती. डेटाबेस बसवताना तो एकदाच विचारतो की अक्षरांचा क्रम कोणत्या भाषेप्रमाणे लावू. वीस वर्षांत मी त्या प्रश्नाला न वाचता एन्टर दाबत आले होते, कारण डब्लिनला ळ नव्हता. आता ठिगळ लावून भागलं असतं. यादी छापताना तेवढा क्रम बदलता आला असता. पण मावशी समोर बसल्या होत्या. मी प्रत काढली, ती उघडून आतल्या ओळी मोजल्या, मग पूर्ण डेटाबेस पुसला आणि पहिल्यापासून बसवला. तो प्रश्न आला तेव्हा नीट वाचला आणि मराठी असं उत्तर दिलं. सगळं परत भरायला, नियम आणि तिघांचे अधिकार परत घालायला दुपारचे तीन वाजले. मावशी दुपटी घड्या करत बसल्या होत्या.

नवी यादी त्यांनी शेवटच्या पानापर्यंत तपासली. "आता लागला," म्हणाल्या.

पहिला माणूस आला तो त्यानंतर चार-पाच दिवसांनी. तिशीचा, आपल्या आईला बरोबर घेऊन. पासपोर्टसाठी जन्माची नोंद हवी होती, कतारला नोकरी लागली होती. मी त्या दिवशी दुपारची प्रत तपासायला आले होते, म्हणून काउंटरपाशी उभी राहिले. रिसेप्शनच्या मुलीने आईचं नाव आणि त्याची जन्मतारीख टाकली. सेकंदात ओळ आली. छापील कागद बाहेर आला. तो माणूस जायच्या तयारीत नव्हता. त्याला कोणीतरी सांगितलं होतं की अर्धा दिवस जातो, त्यामुळे त्याने सुट्टी टाकली होती.

"हो गया?" त्याच्या आईने विचारलं.

"झालं, अम्मी. मावशींचा शिक्का तेवढा घ्यायचा," मुलगी म्हणाली.

मावशी आतून आल्या. कागद हातात घेतला, त्या बाईकडे पाहिलं आणि विचारलं, "मोठा का धाकटा?"

"मधला," ती म्हणाली.

मावशी परत आत गेल्या, रजिस्टर घेऊन आल्या, टेबलावर पान उघडून कागद शेजारी ठेवला आणि बोटाने एकेक रकाना जुळवत गेल्या. सगळं जुळलं. मग त्यांनी शिक्का मारला.